पाच वाजून दोन मिनिटं

माझ्या मागे दोनच माणसं होती, आणि ती दोघंही शर्यतीत नव्हती. वाट कळावी म्हणून झाडाझुडपांना बांधलेल्या फिती सोडवत, पाठीवरच्या पोत्यात कोंबत ते येत होते. त्यांना स्वीपर म्हणतात. शेवटचा माणूस पुढे गेला की त्याच्या मागून शर्यत आवरत आणायची, हे त्यांचं काम. मी थांबले की तेही थांबायचे आणि भलतीकडे बघायचे, जसा काही त्यांना समोरच्या डोंगरातच रस आहे. मला घाई होऊ नये म्हणून दाखवलेला तो सभ्यपणा मला फार टोचत होता. सकाळचे सात वाजले होते. ५८ पैकी आठ किलोमीटर झाले होते.

माझं वय ५१. काम हिशोबाचं. दिवसभर दुसऱ्यांच्या वह्या जुळवते. त्रेचाळिसाव्या वर्षी धावायला लागले आणि पहिल्याच वर्षी कळून चुकलं की मी हळू आहे. सरावाने थोडी कमी हळू झाले, एवढंच. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा लांब ती अल्ट्रा, या व्याख्येने माझ्या आधी चार अल्ट्रा झाल्या होत्या. दोन पूर्ण केल्या. दोनदा कटऑफ, म्हणजे ठरलेली शेवटची वेळ, चुकला आणि सामानाच्या गाडीत बसून परत आले. ही पाचवी. पूर्ण डोंगरातली, एकूण चढ ३००० मीटर, पहाटे पाचला सुरू आणि रात्री आठला बंद. म्हणजे पंधरा तास.

नाव नोंदवण्याआधी मी नेस्मिथचा हिशोब केला होता. विल्यम नेस्मिथ हा स्कॉटलंडचा गिर्यारोहक. डोंगरात चालायला किती वेळ लागेल याचा ठोकताळा त्याने १८९२ मध्ये मांडला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. ५८ किलोमीटरचे ११ तास ३६ मिनिटं. ३००० मीटरचे पाच तास. बेरीज १६ तास ३६ मिनिटं. कटऑफ १५. म्हणजे धट्ट्याकट्ट्या माणसाने दिवसभर न थांबता चांगल्या चालीने चाललं तरी १ तास ३६ मिनिटं तूट. मला चढ धावत जाता येत नाही, तेव्हा ही तूट भरून काढायची ती सपाटीवर, उतारावर आणि चेकपॉइंटवर न बसता. इतकं साधं आहे ते. कागदावर.

आणि कागद होताच. कटऑफच्या वेळा मी जाड पेनाने, मोठ्या अक्षरात एका चिठ्ठीवर उतरवल्या होत्या, चष्म्याशिवाय वाचता याव्यात म्हणून. चिठ्ठी छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी छातीवरच्या खिशात. पहिला चेकपॉइंट १२ किलोमीटरवर, साडेआठपर्यंत. दुसरा २३ वर, बारा. तिसरा ३३ वर, तीन-दहा. चौथा ४६ वर, पाच-दोन. मग आठ. ते पाच-दोन मला जरा गमतीचं वाटलं होतं. आयोजकांमध्येही कुणीतरी आपल्यासारखं मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवणारं असणार, असं वाटून बरंही वाटलं.

पुढचे आणि आम्ही एकाच वाटेवरून जातो, पण तो दिवस एकच नसतो. युरोपातल्या माँ ब्लाँ या डोंगराला वळसा घालणारी यूटीएमबी ही शर्यत शुक्रवारी संध्याकाळी फ्रान्समधल्या शामोनीहून सुटते. २०२३ मध्ये जिम वॉल्म्सलेने ती १९ तास ३७ मिनिटांत जिंकली, म्हणजे शनिवारी दुपारी तो मोकळा. शेवटच्यांना मुदत साडेसेहेचाळीस तासांची. त्यांची आणखी एक अख्खी रात्र डोंगरात जाते आणि ते रविवारी दुपारी पोचतात. वजन तेवढंच, चढ तेवढाच, उभं राहायचं मात्र दुपटीहून जास्त. हे मी कौतुक करून घ्यायला सांगत नाहीये. हळू असल्याचा हिशोब कसा मांडला जातो ते सांगतेय. हळू माणूस जास्त वेळ भिजतो, जास्त वेळ उन्हात असतो, त्याची बॅटरी जास्त जळते, आणि तो चेकपॉइंटला पोचेपर्यंत केळी संपलेली असतात.

पहिल्या चढावर हेडटॉर्चची रांग वर सोंडेवर चढत गेली आणि बघता बघता विझली. म्हणजे पलीकडे उतरली. मग मी, माझ्या दोन काठ्या आणि माझा श्वास. उजाडायच्या सुमाराला पुढे एक लाल टोपी दिसली. उंच, वाकून चढणारे, साठीच्या आसपासचे गृहस्थ. मी त्यांना गाठलं ते एका छोट्या उतारावर. ते अक्षरशः आडवे होऊन, एकेक पाय चाचपत उतरत होते.

"गुडघे," त्यांनी न विचारताच सांगितलं. "चढावर मी राजा आहे. जा पुढे ताई, चढ आला की भेटूच."

चढ आला आणि ते खरंच भेटले. काठ्या नाहीत, घाई नाही, लांब ढांगा टाकत माझ्या शेजारून गेले. पुढच्या उतारावर मी. दिवसभर हेच चाललं. आमच्यातलं अंतर कधी शंभर मीटर, कधी अर्धा डोंगर. एकमेकांना ओलांडताना दोन वाक्यं. नाव विचारलं नाही, छातीवरच्या बिबवरचा आकडाही आठवत नाही.

पहिला चेकपॉइंट आठ-चार. शिल्लक सव्वीस मिनिटं. दुसरा अकरा-एक्केचाळीस. शिल्लक एकोणीस.

दुसऱ्या चेकपॉइंटला एका उत्साही मुलाने माझ्या दोन्ही बाटल्या भरल्या आणि तिसरा पेला हातात दिला. "पाणी प्या, भरपूर प्या." मी तो पेला हळूच झाडाच्या मुळाशी ओतला. बोस्टन मॅरेथॉनच्या ४८८ धावपटूंच्या रक्ताच्या तपासणीचा अभ्यास २००५ मध्ये छापून आला. त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं आढळलं. त्यात चार तासांहून जास्त वेळ घेणारे आणि पळता पळता वजन वाढलेले लोक पुढे होते. मागच्या माणसाला पाणी प्यायला वेळच वेळ असतो, आणि घाम त्या मानाने कमी. रक्त पातळ होत जातं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि बघणाऱ्याला वाटतं याला पाणी कमी पडलंय, म्हणून तो आणखी पाजतो. तेव्हापासून माझा नियम साधा आहे: तहान लागली की प्यायचं. मीठ लावलेला उकडलेला बटाटा मात्र मी कधी सोडत नाही. त्या दिवशी दोन घेतले, एक तोंडात आणि एक मुठीत.

मुठीतला बटाटा मी दीड तास वागवला.

कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या चेकपॉइंटच्या मध्ये माझं पोट बंद पडलं. तिथे ८०० मीटर चढ आहे, तोही एकसंध, वर माथ्याजवळ घसारा. धुकं उतरलं होतं. त्या खडीवर एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं. दर पावलाला दगडांचा खर्र आवाज आणि पुढची फीत दिसेपर्यंत थांबायचं. रक्त पायांकडे आणि कातडीकडे धावत असतं, पोटाच्या वाट्याला फार थोडं येतं, म्हणून अन्न पुढे सरकत नाही. हे सगळं मला माहीत आहे. माहीत असल्याने मळमळ एका पैशाने कमी झाली नाही. बटाट्याचा वास आला तरी उमळून यायचं. टाकवतही नव्हता, कारण त्यात पुढचे दोन किलोमीटर होते.

या टप्प्यावर मी काय विचार केला हे लोक विचारतात. त्यांना काहीतरी उदात्त हवं असतं. मी वजाबाकी करत होते. आत्ता एक-बावन्न. माथा अजून शंभर मीटर वर. या गतीने पंचवीस मिनिटं. मग धारेवरून आडवं दोन किलोमीटर. म्हणजे दोन-पन्नास, पंचावन्न. शिल्लक पंधरा. परत थांबले, परत केली. शिल्लक तेरा. एकदा तर १० मधून ३ वजा करायला मला चार पावलं लागली, आणि आलेलं उत्तर पटेना म्हणून पुन्हा केली. माझ्या टेबलावर अशा अवस्थेत कुणी आलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

उजव्या टाचेला फोड आला होता तो याच चढावर फुटला. त्याचं एक बरं असतं, फुटल्यावर जरा कमी दुखतं. बसून चिकटपट्टी लावायला चार मिनिटं लागली असती. नाही लावली.

तिसरा चेकपॉइंट, दोन-एकोणसाठ. शिल्लक अकरा. लाल टोपी दहा मिनिटांपूर्वीच पुढे गेली होती. चिठ्ठी काढली. पुढचा आकडा पाच-दोन. १३ किलोमीटर, जवळजवळ सगळा उतार, आणि हातात दोन तास तीन मिनिटं. आधीच्या दोन टप्प्यांना मी साडेतीन तासांच्या आसपास घेतले होते. माझ्या पोटात जे काही उरलं होतं तेही थंड झालं. केवढा आवळलाय यांनी हा टप्पा, असं म्हणून मी आयोजकांना दोन शिव्या दिल्या. आता त्या परत घेते.

तिथे मला गुनहिल्ड स्वॉन्सन आठवल्या. कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्टेट्स या शंभर मैलांच्या शर्यतीला तीस तासांची मुदत असते. २०१५ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्या २९ तास ५९ मिनिटं ५४ सेकंदांत पोचल्या. सहा सेकंद राखून. तिथे मुदत संपायच्या आधीच्या शेवटच्या तासाला सोनेरी तास म्हणतात आणि लोक खास तो बघायला थांबतात. मला नेहमी प्रश्न पडतो की त्या सहा सेकंदांतलं एकेक सेकंद आदल्या दिवशी कुठे वाचलं असेल. कुठली बुटाची नाडी बांधायची राहिली असेल. मी तिथे एक मिनिट थांबून अर्धं केळं तोंडात धरलं आणि निघाले.

उतार हा एकच विषय असा आहे की ज्यात मला थोडं काही येतं. चढताना दम लागतो, उतरताना मांड्या जातात. मांडीचा पुढचा स्नायू उतारावर ब्रेकचं काम करतो. एरवी स्नायू आखडताना जोर लावतो, इथे तो लांबत असतानाच लावतो, आणि त्यात त्याचे धागे बारीक बारीक उसवतात. दोन दिवसांनी जिना उतरताना माणसं कठड्याला लटकतात ती याचमुळे. पण स्नायूची आठवण चांगली असते. एकदा असा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तोच मार त्याला कमी लागतो. म्हणून शर्यतीआधी दोन महिने मी आठवड्यातून एकदा एका अकरा मजली इमारतीत लिफ्टने वर जायचे आणि जिन्याने धावत खाली यायचे. वीस वेळा. लिफ्टमध्ये दर वेळी भेटणाऱ्या एका आजींनी शेवटी काळजीने विचारलं, "काही विसरतेस का गं घरी?"

ते अकरा मजले त्या दुपारी कामाला आले. पावलं छोटी, नजर चार पावलं पुढे, हात पसरलेले, ब्रेक न लावता पाय उचलत राहायचं. झाडीत शिरल्यावर धुकं वर राहिलं आणि हवा उबदार झाली. ओढ्यात टाच बुडाली तेव्हा फोडातून कळ डोक्यात गेली आणि मी मोठ्याने ओरडले; आजूबाजूला कुणीच नव्हतं. एकदा मुळाला अडखळून दोन्ही तळव्यांवर आपटले. उठले. तळव्यात शिरलेली खडी नंतर घरी काढली.

लाल टोपी झाडीच्या खालच्या टोकाला भेटली, आडवी होऊन उतरणारी.

"इतकी घाई?" त्यांनी विचारलं.

"वेळ नाहीये!"

ते काहीतरी म्हणाले, पण तोवर मी वळणापलीकडे होते.

चौथा चेकपॉइंट, चार-अठ्ठावन्न. शिल्लक चार. एका मुलीने खुर्ची पुढे ओढली. "बसा ना, भरपूर वेळ आहे. गरम सूप आहे."

स्वयंसेवकांविषयी माझं मत सांगून ठेवते: ती देवमाणसं आहेत आणि ती खोटं बोलतात. "आता सगळा उतारच आहे" म्हणतात आणि समोर भिंत उभी असते. "थोडंच राहिलं" म्हणतात तेव्हा सात किलोमीटर असतात. मागच्या माणसाशी तर ती आजाऱ्याशी बोलावं तशी बोलतात. मागे फळ्यावर काहीतरी वेळा लिहिल्या होत्या, पण तो वाचायचा तर पिशवी उतरवून चष्मा काढावा लागला असता. मी बाटली भरली, सूप नको म्हटलं आणि एका मिनिटात बाहेर पडले. "अहो, खरंच वेळ आहे," ती मागून म्हणाली. गोड मुलगी, मला वाटलं.

शेवटच्या १२ किलोमीटरमध्ये साडेचारशे मीटरचा एक चढ. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मी पन्नास पावलं मोजायचे, थांबायचे, पन्नास मोजायचे. खिंडीत पोचले तेव्हा सूर्य नुकताच गेला होता. मागे वळून पाहिलं तर खाली चढावर एक दिवा लागला होता, एकटाच, आणि सावकाश पण न थांबता वर येत होता. त्याच्या बऱ्याच मागे आणखी दोन दिवे. ते स्वीपर. खिंडीतल्या वाऱ्याला दात वाजायला लागले म्हणून जाकीट चढवलं, हेडटॉर्च लावला आणि उतरायला लागले.

रात्री उतारावर हेडटॉर्चचा उजेड फसवतो. तो डोळ्यांच्या वरूनच येतो, त्यामुळे दगडाची सावली दगडाच्या मागेच लपते आणि सगळं सपाट दिसतं. मी दुसरा टॉर्च हातात, कमरेच्या उंचीवर धरते. मग खड्डे आपापल्या जागी येतात. काठ्या मात्र दुमडून ठेवाव्या लागतात. दोनदा वाट चुकले, दोन्ही वेळा पन्नास-साठ पावलांत फीत दिसली नाही म्हणून परत फिरले. शेवटचे दोन किलोमीटर गाडीरस्त्याचे होते. ते मी धावले असं मी म्हणते. बघणाऱ्याने काय म्हटलं असतं ते राहू दे.

सात-चौपन्न. शिल्लक सहा.

कुणीतरी गळ्यात पदक घातलं, कुणीतरी पाठीवर चादर टाकली. मी एका उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले आणि त्या गाडीरस्त्याच्या वळणाकडे बघत राहिले. आठ वाजले तसा घड्याळाशेजारचा माणूस उठला, त्याने वहीत रेघ मारली आणि पेनाला टोपण लावलं. आठ-दोनला वळणावर दिवा दिसला. आम्ही चौघं-पाच जण होतो, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लाल टोपीवाल्यांनी शेवटची रेघ ओलांडली, घड्याळ बंद केलं आणि वहीवाल्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. ते हसले. निकालाच्या यादीत त्यांचं नाव नाही, मी दुसऱ्या दिवशी पाहिलं.

ते माझ्या शेजारी दुसऱ्या क्रेटवर येऊन बसले. बराच वेळ बुटाच्या नाड्या सोडत होते.

"दिवसभर खिशातून काय काढून बघत होतात?"

मी चिठ्ठी दिली. त्यांनी चष्मा लावला, पिशवीवरचं पाणी पुसलं आणि टॉर्च धरून वरून खाली वाचत आले. बोट एका ओळीवर थांबलं.

"हे पाच-दोन काय आहे? चौथ्याला पाच-वीस होते ना."

मी चिठ्ठी पाहिली. पाच-वीस, पाच-दोन. फरक अठरा. आमच्या कामात पहिल्याच महिन्यात शिकवतात: ताळा जमला नाही आणि फरकाला नवाने भाग गेला, तर आकडे उलटे पडलेत का ते आधी बघ. हे मी किती जणांना शिकवलंय. मी चौथ्या चेकपॉइंटहून निघाले तेव्हा माझ्याकडे एकवीस मिनिटं होती. ती माहीत असती तर मी त्या झाडीत अशी जीव टाकून धावले नसते, आणि त्या खुर्चीत नक्की बसले असते.

त्यांचाही हिशोब चालला असावा, कारण ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग चिठ्ठी होती तशीच घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली.

"तिथलं सूप घेतलंत का?" त्यांनी विचारलं. "फार छान होतं."

मी नाही म्हटलं.